आवाज बंद करून पाहिलेलं पर्व

मालिकांच्या बाबतीत माझं तोंड फार चालतं, हे देगलूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही मालिकेचं दुसरं पर्व आलं की बायका आधी मला विचारतात, बघावं की सोडावं. मी बहुतेक वेळा सोडा म्हणते. पहिलं पर्व लिहिणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. दुसरं निघतं ते पहिलं चाललं म्हणून. मग मेलेली माणसं परत येतात, गरीब बाईच्या अंगावर एकाएकी भारी साड्या चढतात आणि एका भागात आटपली असती ती गोष्ट महिनाभर लोंबकळत राहते. त्यातून पुस्तकावरून काढलेली मालिका असेल तर विचारूच नका. पुस्तकात जी बाई गप्प असते तिला हे लोक बोलायला लावतात आणि जी बोलते तिला रडायला.

तर एवढी जाणकार मी, आणि जी मालिका मला सगळ्यांत जास्त आवडली तिचं अख्खं पहिलं पर्व मी आवाज बंद करून पाहिलं. एक शब्दही न ऐकता. तरी त्या मालिकेबद्दल मी तासभर बोलू शकायचे, आणि बोलायचेही.

झालं असं की दहावीनंतर आम्ही लेकीला लातूरला ठेवलं. पोरीला डॉक्टर करायचं म्हटलं की आमच्याकडं लातूर. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. तिला मेसचं जेवण मानवेना, म्हणून मीही गेले. नवरा देगलूरला शेती बघत राहिला आणि स्वतःच्या हातानं भाकरी थापायला शिकला. आम्ही दोघी क्लासच्या मागच्या गल्लीत एका खोलीत. तशा खोल्यांची रांगच होती, प्रत्येकीत एक पोर आणि एक आई. नावं विचारायची पद्धत नव्हती, गावावरूनच ओळख. एक मुदखेडवाली, एक औशाची. औसा लातूरपासून हाकेच्या अंतरावर, तरी तीसुद्धा पोरासाठी बिऱ्हाड करून राहिलेली. मी देगलूरवाली.

क्लासच्या सरांनी पहिल्याच पालकसभेत आम्हा आयांना बजावलं होतं, "पोरांशी वायफळ बोलत बसू नका. अभ्यास झाला का, हेही विचारू नका. खोलीत शांतता ठेवा, वेळेवर जेवू घाला, बाकी आमच्यावर सोडा." मला ते ब्रह्मवाक्य वाटलं. इतकी शिकलेली माणसं सांगतात म्हणजे काहीतरी असेलच. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं गप्प बसायचं म्हणजे केवढी शिक्षा, पण पोरीसाठी ती आनंदानं घेतली. कुकरची शिट्टी नको म्हणून मी वरण पातेल्यात शिजवायचे. भांड्याला भांडं लागलं तरी जीव दचकायचा. लेक भिंतीकडं तोंड करून टेबलाशी बसलेली असायची आणि मी तिच्या मागं खाटेवर. त्या दोन वर्षांत मी तिचा चेहरा कमी आणि पाठ जास्त पाहिली.

त्याच काळात ती मालिका मोबाइलवर सुरू झाली. नदीकाठच्या गावात पिठाची गिरणी चालवणारी एक विधवा आणि शिकायला शहरात जाणारी तिची एकुलती एक मुलगी. मूळ एक जुनी कादंबरी. आमच्या रांगेतल्या सगळ्याच आया ती बघायच्या आणि सगळ्याच मुक्यानं बघायच्या. एकदा औशाचीनं कानात वायर घालून पाहिली, भान विसरून मोठ्यानं हसली आणि तिच्या पोरानं पुस्तक आपटलं. तेव्हापासून कुणी वायर घातली नाही. माझं कारण वेगळं होतं. कान बंद केले आणि नेमकी लेकीनं हाक मारली तर? म्हणून मी मोबाइल उशीला टेकवायचे, आवाज पूर्ण बंद करायचे आणि त्या बाईच्या ओठांकडं बघत बसायचे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचायचा नाद मी लवकरच सोडला. लेकीनं हाक अशी फारशी मारली नाही. तिला लागेल ते आधीच हाताशी ठेवलेलं असायचं.

सकाळी पोरं क्लासला गेली की आम्ही बाया धुणं घेऊन गच्चीवर. खरी मालिका तिथं व्हायची. काल कोण काय बोललं असेल याच्यावर कडाक्याची भांडणं. मुदखेडवालीनं ती कादंबरी कॉलेजात असताना वाचलेली, त्यामुळं तिचा तोरा काय विचारता. "पुस्तकात असं न्हाई," ती पिळलेला परकर झटकत म्हणायची. "पुस्तकात ती माय लई कमी बोलती."

"मग काल एवढे ओठ कशाला हलवून राहिली होती?"

"ते सिरियलवाल्यांनी घुसडलं असंल."

"घुसडू द्या. काय बोलली ते मी सांगते," असं म्हणून मी सुरू व्हायचे.

खोली रिकामी असायची तेव्हा आवाज लावून परत बघता आलं असतं, हे खरं आहे. पण तोवर गच्चीवर आमचे संवाद ठरून गेलेले असायचे आणि ते आम्हाला जास्त आवडायचे. त्यातही माझे. औशाची म्हणायची, "देगलूरवाल्या बाईंचंच धरा, त्यांचं काळजाला लागतं." मुदखेडवाली पुस्तकाची बाजू लावून धरायची आणि हरायची. मला त्याचा केवढा अभिमान होता! दिवसभर तोंडात साचलेलं सगळं मी गच्चीवर त्या गिरणीवालीच्या नावानं बोलून टाकायचे.

एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. मुलगी शहराला निघते. माय उंबऱ्यात बसून तिची वेणी घालते. मुलीची मान खाली, आणि मायचे ओठ हलताहेत, हलताहेत, थांबतच नाहीत. मी तो प्रसंग मागं नेऊन नेऊन पाहिला. समोर माझी लेक पाठ करून बसलेली, तिची वेणी सैल झालेली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी तो संवाद म्हणून दाखवला. "भिऊ नको माय माझे. पहिली आलीस तरी माझीच अन् नापास झालीस तरी माझीच. तिथं करमलं न्हाई तर कुणाला विचारत बसू नको, सरळ निघून ये. तुझं शिक्षण राहिलं तरी चालंल मला. मला तू पाहिजेस."

औशाची ओल्या चादरीत तोंड खुपसून रडली. मुदखेडवालीनंही डोळे पुसले आणि म्हणाली, "पुस्तकात न्हाई हे. पण पाहिजे होतं." एवढी दाद मला आयुष्यात दुसऱ्या कशाला मिळाली नाही.

पुढं माझ्या लेकीचा नंबर लागला. लांबच्या शहरात, सरकारी कॉलेजात. गल्लीत पेढे वाटले, नवऱ्यानं फेटा बांधून घेतला, क्लासच्या सरांनी हात जोडून माझं कौतुक केलं की आई असावी तर अशी. मुदखेडवालीच्या मुलाचं जमलं नाही. तो आता गावातच दुकानात बसतो आणि, ती फोनवर सांगते, दिवसभर तिच्याशी वाद घालतो. भाजीवरून, मोबाइलवरून, कशावरूनही. ती हे वैतागून सांगते. मला त्या वैतागाचा हेवा वाटतो आणि हे कुणाला बोलून दाखवायची सोय नाही. लोक म्हणतील, पोरगी डॉक्टर होऊन राहिली अन् हिला काय धाड भरलीय.

माझी लेक फोनवर चारच शब्द बोलते. हं, हो, जेवले, ठेवू? मी काही विचारायला जावं तर माझंही गाडं तिथंच अडतं. बाहेर मला गप्प बसवायला माणूस लागतो आणि तिच्याशी बोलायचं म्हटलं की शब्द सापडत नाहीत.

गेल्या दिवाळीला ती आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाया पडली, फराळाची ताटं नेऊन दिली, वडिलांचं ब्लडप्रेशर मोजलं. कुणाला नाव ठेवायला जागा नाही. वागणं इतकं नीट, जशी पाहुणी. काम संपलं की आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची. मी कान लावून बघितलं तर आतून काही ऐकू यायचं नाही. भाऊबीज झाली की जाणार होती आणि मी रोज ठरवायचे, आज तिच्याजवळ बसायचं. पण बसून म्हणायचं काय?

शेवटी मालिकाच कामाला आली. तिचं दुसरं पर्व नुकतंच निघालं होतं आणि गल्लीतल्या बाया माझ्या निकालाची वाट बघत होत्या. पाडव्याच्या दुपारी मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, "मला पहिलं पर्व आवाजासकट बघायचंय. टीव्हीला लावून देतीस?" तिनं लावून दिलं. मी म्हटलं, "बस की." ती बसली. हातात मोबाइल होता, पण बसली. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

सुरुवातीलाच माझा विरस झाला. गिरणीवालीचा आवाज चिरका निघाला. मी तिला जाडसर, शांत आवाज दिला होता. गिरणीचा खडखडाट तर इतका की अर्धे संवाद त्यातच गेले. मी लेकीला सांगत होते, हे मुकं जास्त चांगलं होतं, हे पार्श्वसंगीत कशाला कोंबलंय, पुस्तकातली गंमत कुठं गेली. ती हं म्हणत होती. मग वेणीचा प्रसंग आला आणि मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता बघ. आता ती काय बोलते ते ऐक."

पडद्यावर माय वेणी घालता घालता म्हणाली, "लाडवाच्या डब्याचं झाकण दाबून लाव, मुंग्या होतील. एसटीत पुढं बस, मागं बसलं की तुला मळमळतं. पिशवी मांडीवरच ठेव. डबा आठवणीनं परत आण, दुसरा न्हाई आपल्याकडं." मग रिबिनीला गाठ मारली आणि मुलगी उठली.

"झालं?" मी ओरडलेच. "एवढ्यासाठी एवढे ओठ हलवले? अरे, पोरगी घर सोडून चालली अन् ही मुंग्यांचं काय सांगून राहिली! पैसे घेऊन संवाद लिहितात हे लोक." मी खरंच चिडले होते. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट कुणीतरी चारचौघांत फाडून टाकावी तसं झालं. मी टीव्ही थांबवायला लावला आणि लेकीला म्हटलं, "आम्ही काय लावलं होतं ऐक," आणि गच्चीवरचा तो सगळा संवाद तिला म्हणून दाखवला. पहिली आलीस तरी माझीच इथपासून मला तू पाहिजेस इथपर्यंत. एक शब्द विसरले नव्हते.

ती माझ्याकडं बघत होती. मोबाइल तिनं बाजूला ठेवला होता.

"हे तू त्या काकूंना सांगायचीस?"

"हाव. लई रडायच्या."

"आम्ही क्लासला गेल्यावर?"

"हाव."

बोलताना मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. त्या दोन वर्षांत, खोलीत, तिला रोज काय वाटत असेल हे मी पहिल्यांदा तिच्या तोंडावर पाहिलं. भिऊ नको हे तिला ऐकायचं होतं. ते मी बोललेही होते, खच्चून, रोज, फक्त गच्चीवर. मला इतकं वाईट वाटलं की विषय बदलावा म्हणून मी काहीतरी विचारायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मग मी तुला काय म्हणायची गं तेव्हा?"

ती विचार करायला लागली. टोमणा मारायचा असता तर तिला क्षणभरही लागला नसता, पण तसं तिच्या मनात नव्हतं. माझ्या लेकीला कुणाला दुखवणं जमत नाही.

"'ताट झाकून ठेवलंय' म्हणायचीस," ती म्हणाली.

"अन्?"

"'लाइट डोळ्यावर येतो का' म्हणून विचारायचीस."

"अन्?"

ती आठवत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या, नजर खाली गेली. अवघड पेपर सोडवताना बसत असेल तशी बसली होती. माझ्यासाठी अजून एखादं तरी वाक्य सापडावं म्हणून ती जिवापाड शोधत होती, आणि मला तिला थांब म्हणवेना, कारण मलाही ते हवं होतं. शेवटी तिनं माझा हात हातात घेतला, थोडा दाबला आणि रिमोट उचलला.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "पुढचा भाग लावू?"