माझी गाडी, त्याचा रविवार

लोहाऱ्याच्या आमच्या मेकॅनिकला गाडीशी बोलायची सवय आहे. प्लग काढतानाही तो तिला "थांब ना वं" म्हणतो. शनिवारी मी मोटरसायकल त्याच्याकडे टाकली. सोमवारी घ्यायला गेलो, तर चाकांना लाल माती लागलेली.

"काल दिवसभर एकटाच झरीच्या जंगलात घेऊन गेलतो, सर. इंजनाचा आवाज चढावरच समजते." मग डोंगरावरचा साग, रस्त्यात आडवे आलेले मोर, सगळं रंगून सांगत राहिला.

दोन वर्षांत मी तिला ऑफिसच्या पुढे नेलं नव्हतं. तरी माझा जळफळाट झाला.

"मले इचारलं काहून नाही?"

"तुम्ही नाहीच म्हनले असते," तो हसला.

घरी येताना गाडी इतकी हलकी पळत होती, की मला तिचाही राग आला.