वन्सं टेम्पोत बसत नाहीत

माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, सारा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढला. पोट शिवायच्या आधी आत गेलेले आणि बाहेर आलेले कापसाचे बोळे त्या मोजत, आणि मेळ बसल्याशिवाय टाका घालू देत नसत. एकदा एका नामांकित सर्जनला विमान गाठायचं होतं. वन्संनी त्याला तसंच ताटकळत ठेवलं. हरवलेला बोळा शेवटी त्याच्याच बुटाखाली सापडला. तेव्हापासून वन्सं समोर आल्या की तो आधी स्वतःचे पाय बघायचा.

लग्न त्यांनी केलं नाही. करावंसं वाटेल असा पुरुष उभ्याने कधी भेटलाच नाही, सगळे टेबलावर आडवेच भेटले, असं त्या सांगतात. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या मोटारसायकलवरूनच. माझ्या शाळेतल्या नन्सनी मुलींनी कसं बसावं यावर आम्हाला बरंच काही शिकवलं होतं. त्यातलं वन्संच्या कानावर काहीच गेलेलं दिसत नव्हतं.

ह्यांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला, ते मुळीच पसंत नव्हतं. पण आवाज चढवणं ह्यांच्या स्वभावात नव्हतं. वन्सं निघाल्या की पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात दारात आडवं उभं राहायचं आणि “या वयात?” एवढंच विचारायचं. वन्सं त्यांना वळसा घालून जायच्या. मग एके दिवशी हेच गेले, ‘या वयात’ असं म्हणायलाही कोणाला वेळ न देता.

वन्संचा एक कंपू आहे. सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे संशयास्पद. वर्षातून एकदा हे लोक गाड्यांवरून घाट चढून वरच्या तळ्यापर्यंत जातात. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याची उभी हयात विमा कंपनीत गेली, पण मिशा मात्र रणांगणावरच्या आहेत. मागून एक टेम्पो येतो. त्यात थर्मास, पंक्चरचं सामान आणि आता जमत नाही असं ठरलेली माणसं असतात. एकदा टेम्पोत बसलेला माणूस पुन्हा गाडीवर बसल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

यंदा वन्संनी गाडीला जरा नटवलं. जड सायलेन्सर काढून हलका लावला आणि जास्त हवा ओढणारा एअर फिल्टर घातला. सायलेन्सर गॅरेजवाल्याने बसवला. फिल्टर वन्संनी घरीच बसवला, त्याला काय डोकं लागतं म्हणून. मग सरावाच्या दिवशी घाटातल्या पहिल्याच मोठ्या चढावर गाडी गुदमरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, तर पुढच्या वळणावर तेच. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट बार उडायचे, ते वेगळंच.

कॅप्टनने हेल्मेट काढलं आणि शोकसभेतल्या आवाजात निकाल दिला. “सिस्टर, येत्या रविवारी गाडी चढली तर उत्तम. नाही तर टेम्पोतली पुढची सीट तुमची. खिडकीची.”

वन्सं घरी आल्या, चहा तसाच गार होऊ दिला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “खिडकीची म्हणे.”

गाडीचं दुखणं काय यावर कंपूत एकमत होतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, आणि इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या कॉम्प्युटरला याचा पत्ताच नाही. तेव्हा पेट्रोलचं प्रमाण बदलून देणारा ट्यूनर बसवायला हवा. पण कुठला, यावर जेवढी तोंडं तेवढी मतं. म्हणून वन्संनी स्वतः हिंडायचं ठरवलं आणि मला मागे बसवलं.

पहिलं दुकान सोनाराच्या पेढीसारखं थंडगार होतं. दुकानदाराने मला विचारलं, “आजी, गाडी कोणाची? नातवाची?”

“गाडी माझी,” वन्सं म्हणाल्या. “ही माझी वहिनी. ही एसीसाठी आलीय.”

त्याने मोबाइलसारखा पडदा असलेला एक ट्यूनर काढला. त्यात म्हणे कितीतरी नकाशे आधीच भरलेले होते, शर्यतीचासुद्धा. या वेगाला, एवढी मूठ पिळली तर पेट्रोल किती सोडायचं, हे ज्यात लिहिलेलं असतं तो नकाशा. गाडी बाहेरच उभी होती, पण तो काउंटरमागून उठला नाही. वन्सं पायऱ्या उतरतानाच म्हणाल्या, न तपासता ऑपरेशनची तारीख देणारे आपण पुष्कळ बघितलेत.

दुसरा एका गल्लीत, स्टुलावर भेटला. त्याच्याकडे अंगठ्याएवढा एक प्लग होता. तो लावला की कॉम्प्युटरला वाटतं हवा फार थंड आहे, मग तो आपणहून पेट्रोल वाढवतो. वन्संनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवून पेशंट बरा झाला म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

“गिऱ्हाइकं खूश असतात, मावशी.”

“आमचेही पेशंट असायचे. भूल उतरेपर्यंत.”

तिसरा गावाबाहेरच्या शेडमध्ये होता. त्याने जमिनीत रोलर बसवले होते. गाडी त्यावर बांधून जागच्या जागी पळवायची, धूर तपासायचा आणि आकडे बघून पेट्रोल ठरवायचं, ही त्याची पद्धत. एवढ्याशा बदलाला साधा, बिनपडद्याचा ट्यूनर पुरतो, असं तो म्हणाला. पण आज जागा नाही, गुरुवारी या. वन्संनी तिथल्या तिथे त्यालाच पक्कं केलं. मोजल्याशिवाय हात लावत नाही म्हणजे माणूस आपल्यातला, हे त्यांचं कारण.

बुधवारी दुपारी त्यांनी गाडी ऑपरेशनला न्यायच्या पेशंटसारखी तयार केली. धुतली, पुसली. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि माझं ताट ओट्यावर हलवलं. काढलेला जुना फिल्टर, स्क्रू, क्लिपा, पाने, सगळं ओळीने मांडलं. शेवटी पुसायची फडकी. ती ह्यांच्या पायजम्याची होती. ह्यांच्या माघारी मी तो त्यांना दिला होता आणि त्यांनी कात्रीने त्याचे चार तुकडे केले होते.

टेबलावर तीनच होते.

वन्संनी पुन्हा मोजले. तीन फडकी मोजायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. मग त्या चिमटा घेऊन खाली गाडीकडे गेल्या. मी मागोमाग. सीट काढली, फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि लांब चिमट्याने आतून एक पट्ट्यापट्ट्यांचं फडकं बाहेर ओढलं. फिल्टर बदलताना आत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं आणि तिथेच विसरलेलं. गाडी हळू चालली की ते डब्याच्या तळाशी निमूट पडून राही. चढावर मूठ पिळली, की हवेबरोबर उठून इंजिनाच्या तोंडावर बसे.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. “माझ्या हातून,” त्या म्हणाल्या. “वहिनी, बोळा आत राहिला. माझ्या हातून.”

वन्संना असं मी ह्यांच्या जाण्यातही पाहिलं नव्हतं. मला जे दिसत होतं तेच मी बोलले.

“अहो, राहिला तो कोण? तुमचा भाऊच ना. निमूट उभा राहायचा आणि तुम्ही निघालात की आडवा यायचा.”

वन्सं फडक्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की चिमटा हातातून पडला. शेजारीण गॅलरीत येऊन बघून गेली.

गाडी एका मोठ्या चढावर नेऊन आणली. गुदमरणं गेलं होतं. मग ट्यूनर कशाला, असं मी विचारलं. बोळा काढला म्हणून जखम भरत नाही, असं उत्तर मिळालं. खरंच, मूठ उघडताना गाडी अजून जराशी अडखळत होती आणि फटफटही चालूच होती.

गुरुवारी वन्संनी रोलरवाल्याला पायजम्याची हकीकत काही न लपवता सांगितली. आत राहिलेली वस्तू कळवलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. तो तोंड फिरवून हसला. मग आपण फडक्यासकट पेट्रोल ठरवलं असतं या विचाराने त्याचं हसू विरलं, आणि त्याने इतर काही राहिलं नाही ना म्हणून डबा स्वतः उघडून पाहिला. वन्संना त्याचा जराही राग आला नाही. साधा ट्यूनर बसला, अडखळणं थांबलं, फटफट कमी झाली. अगदी बंद होणार नाही, सायलेन्सरच मोकळा आहे, असं त्याने आधीच बजावलं.

“चालेल,” वन्सं म्हणाल्या. “या वयात थोडा आवाज व्हायचाच.”

रविवारी टेम्पोतली खिडकीची सीट रिकामी जायला नको म्हणून कॅप्टनने ती मला दिली. मी थर्मास मांडीवर घेऊन बसले. पहिला चढ आला तशी मी काच खाली केली. वन्सं पुढे होत्या. त्यांनी मूठ पिळली आणि गाडी एका दमात वळणाआड गेली. मागे फट असा एकच आवाज राहिला.

वर तळ्याशी पोचल्यावर कॅप्टनने हेल्मेट न काढताच चहासाठी कप पुढे केला आणि विचारलं, की सिस्टर, नेमका दोष काय निघाला?

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण फिरवत बसले.

“भाऊ वाटेत उभा होता,” त्या म्हणाल्या. “बाजूला केला.”

कॅप्टनला ते फार खोल काहीतरी वाटलं असावं. त्याने पुन्हा हेल्मेट काढलं.