चारशे सतरा, हजर

देवाजी गोंडाणे यांच्या नोकरीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. भिलाईच्या कारखान्यात ते भांडार विभागात कारकून होते आणि सेक्टर सहामध्ये दोन खोल्यांच्या क्वार्टरात राहत. सांगण्यासारखे आहे ते त्यांच्या वाचनाविषयी.

नागपूरचे मराठी वर्तमानपत्र रेल्वेने दुर्गला उतरे आणि सायकलवरून सेक्टरातल्या आमच्या मराठी वाचनालयात दुपारी पोहोचे. तोवर हिंदी पत्रे शिळी झालेली असत, आकाशवाणीने बातम्या दोनदा सांगितलेल्या असत. तरीही मराठीत ऐकल्याशिवाय ती गोष्ट खरोखर घडली असे आमच्या लोकांना वाटत नसे. पाचला जनरल शिफ्ट सुटली की माणसे सायकली भिंतीला टेकवून सतरंजीवर बसत. बायका येत, हिंदी शाळांत शिकणारी आणि मराठी अडखळत वाचणारी मुले येत. देवाजी टेबलामागे उभे राहून वाचत.

त्यांचा एक नियम होता. चष्मा नाकावर असेपर्यंत छापील मजकूर, एक अक्षर कमी नाही की अधिक नाही. चष्मा कपाळावर चढला की मत त्यांचे स्वतःचे. "छापलं थे पेपरवाल्याचं," ते म्हणत, "चष्मा वर गेला का मंग माहं. गल्लत करू नका, नाईतर मी पुढारी होईन."

देश एकविसाव्या शतकाकडे निघाला आहे, असे एका भाषणात आले. चष्मा वर गेला. "येऊन राहिलं म्हनते एकविसावं शतक. येऊ द्या. दुर्गच्या फाटकावर अडकंल थे, मालगाडी जायची हाय."

रेल्वेच्या खिडकीवर संगणक बसणार, अशी बातमी आली. "बरं झालं. जागा नाई हे आता मशीन सांगंल. मशीन पान त खात नाई, अंगावर पिचकारी नाई यायची."

शाळेच्या दप्तराचे वजन कमी करण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा ते म्हणाले, "अहवाल येऊ द्या. थोच पोरायच्या दप्तरात टाकतील."

सर्वांत आधी हसत असे रत्नमाला. चंपत शेंडे यांची धाकटी मुलगी, तेरा वर्षांची, लाल रिबिनीची. विनोद पुरा होण्याआधीच तिचे हसू सुटे आणि देवाजी खोट्या रागाने म्हणत, "थांब ना माय, चष्मा त वर जाऊ दे."

मी त्या काळात सेक्टरातल्याच एका हिंदी शाळेत शिक्षक होतो. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढून नागपूरला शिकलो आणि इकडे आलो. वाचनालयातर्फे दरवर्षी फेब्रुवारीत मराठीची एक परीक्षा होई. नागपूरच्या मायबोली परीक्षा मंडळाची. दूर परप्रांतात राहणाऱ्या मुलांची भाषा टिकावी, हा तिचा हेतू. केंद्रप्रमुख देवाजी असत आणि मी त्यांचा मदतनीस.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात मंडळाचे परिपत्रक आले. यंदापासून निकाल संगणकावर तयार होणार. उपस्थिती पत्रकावर नावे नसतील, फक्त क्रमांक असतील. हजर मुलासमोर खूण करायची. पानावर खाडाखोड झाल्यास त्या पानावरील सर्व परीक्षार्थींचा निकाल थांबेल. देवाजींनी हे चष्मा नाकावर ठेवून वाचले आणि मग चष्मा वर केला.

"म्हंजे असं हाय. कंप्युटरले अक्षर वाचता येत नाई. त्याले खूण दिसते. पोरगा हजर, का झाला पास. उगीच लिवायची तकलीफ कावून घेता?"

रत्नमाला हसली, ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "मंग मी घरूनच हजर म्हनीन, काका."

"म्हन. पन जोरात म्हन. माह्या कानात मळ हाय."

जानेवारीत तिला कावीळ झाली. अकरा दिवसांत ती गेली.

परीक्षा चौदा फेब्रुवारीला, रविवारी दुपारी एक वाजता वाचनालयातच होती. चोवीस मुलांचे अर्ज नोव्हेंबरातच गेले होते, त्यामुळे चोवीस क्रमांक आले. कडांना भोके असलेल्या लांब कागदावर चारशे एक ते चारशे चोवीस. आम्ही बाकांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि उत्तरपत्रिका ठेवल्या. कोणता क्रमांक कोणाचा, हे आम्ही पाहिले नाही. आधीच्या वर्षांसारखी नावांची यादी असती तर त्या एका नावापाशी देवाजींचा हात थांबला असता. आकड्यापाशी तो थांबला नाही.

ते खाली पाहून पुकारत होते. मी मागच्या भिंतीशी, मुलांच्या पाठी माझ्याकडे. उन्हाच्या तिरिपा खिडकीतून तिसऱ्या रांगेवर पडल्या होत्या.

"चारशे पंधरा."

"हजर."

"चारशे सोळा."

"हजर."

"चारशे सतरा."

उत्तर नाही. देवाजींची सवय अशी की उत्तर आल्याशिवाय ते पुढे जात नसत. नजर वर न करता त्यांनी पुन्हा पुकारले, थोडे मोठ्याने, "चारशे सतरा."

"हजर."

आवाज खिडकीकडून आला. मोठा, स्पष्ट, आणि शेवटी किंचित फुटलेला, हसू आवरताना फुटतो तसा. देवाजींनी खूण केली. मी त्या दिशेने पाहिले तेव्हा मला कोणी दिसले नाही. एखादे मूल पेन्सिल उचलायला वाकले असेल असे वाटले आणि मी प्रश्नपत्रिका वाटू लागलो. तिसऱ्या रांगेतल्या त्या बाकाशी पोहोचलो तेव्हा बाक रिकामा होता. चिठ्ठीवर चारशे सतरा. शेजारच्या मुलाला विचारले, "इथे कोण बसलं होतं?"

"कोनी नाई, सर."

"मग हजर कोण म्हणालं?"

मुलाने माझ्याकडे पाहिले, मग रिकाम्या बाकाकडे, आणि उत्तरपत्रिका उचलून आपल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

परीक्षा संपल्यावर तेवीस उत्तरपत्रिका लिहिलेल्या होत्या, एक कोरी. पत्रकावर खुणा चोवीस. देवाजींनी अर्जांच्या पावत्यांच्या स्थळप्रतींचे पुडके काढले आणि चारशे सतराची प्रत शोधली. नाव वाचून ते खुर्चीवर बसले. खूण खोडली असती तर तेवीस मुलांचा निकाल थांबला असता. त्यांनी कोरी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली, पत्रक तसेच लखोट्यात घातले आणि लखोटा लाखेने बंद केला. आवाजाविषयी ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही. एकाने विचारले असते तर दुसऱ्याला उत्तर द्यावे लागले असते.

निकाल एप्रिलच्या अखेरीस पेपरात छापून आला. निकालाच्या दिवशी आईबाप पावत्या घेऊन येत आणि देवाजी उत्तीर्णांचे क्रमांक वाचत, अशी रीतच होती. त्या दिवशी रत्नमालाची आई, रुक्माबाई, दाराशी बसली होती. तिच्या मुठीत काहीतरी होते.

देवाजींनी चष्मा लावला. चारशे एक. चारशे दोन. चारशे चार. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. "चारशे पंधरा. चारशे सोळा." मग थांबले. पाणी प्यायले. "चारशे अठरा."

त्यांच्या मागे उभे राहून श्यामराव ठवरे पेपरात पाहत होते. त्यांच्या नातवाचा क्रमांक चारशे वीस होता. ते म्हणाले, "देवाजी, चारशे सतरा सुटला ना बा. छापला हाय थो."

इतक्या वर्षांत देवाजींनी छापलेले अक्षर प्रथमच गाळले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"चारशे सतरा," ते म्हणाले.

रुक्माबाई उठली. तिने मूठ उघडून पावती पुढे केली. "माही रत्नमाला पास झाली," ती म्हणाली. ती रडत नव्हती.

मंडळाला पत्र लिहिले तेव्हा उत्तर आले की हजर असूनही ज्यांचे गुण पोहोचले नाहीत त्यांना संगणक त्या परीक्षा केंद्राच्या गुणांची सरासरी देतो, असा यंदाचा नियम आहे. म्हणजे देवाजींनी गंमत म्हणून सांगितले होते ते नियमाने झाले होते. पण हे पत्र रुक्माबाईला समजावणे शक्य नव्हते. मराठीत छापून आले होते, आणि ते सर्वांसमोर वाचले गेले होते.

तिने दाराची कडी लावणे सोडले. मुलीचा गणवेश धुऊन इस्त्री केला. दुपारच्या जेवणाला तिसरे ताट वाढू लागली. चंपतराव तीन आठवड्यांनी, एका रविवारी पहिली पाळी करून, थेट वाचनालयात आले. देवाजी आणि मी दोघेच होतो.

"आमची मोठी कमला गोंदियाले हाय. दिवस भरत आले. पायावर सूज, डॉक्टरनं बिछान्यातून उठू नको म्हनलं. सासू नाई तिले, कोनी नाई. हिले जा म्हनतो, त ही जात नाई. म्हनते, रत्नमाला येईल आन् कुलूप पाहून वापस जाईल." ते थोडा वेळ टोपीशी चाळा करत राहिले. "एक पोरगी गेली, भाऊ. दुसरीले काई झालं त मी का करू? तुमचंच आयकते ती. तुमीच वाचलं ना."

देवाजींनी मला बरोबर घेतले. चार वाजले असतील. शेंड्यांचे दार उघडे होते. आतल्या खोलीत ताट झाकून ठेवलेले होते आणि खुंटीवर गणवेश होता, त्याच्या खिशात लाल रिबीन घडी करून ठेवलेली. रुक्माबाईने आम्हाला पाणी दिले.

"बाई," देवाजी म्हणाले, "गोंदियाले जा."

"जाईन. पन आधी एक सांगा. परीक्षेले आली होती ना ती? आल्याबिगर पास कशी होईल?" मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी बी होते. पोरं सांगून राहिले का आवाज आला म्हनून. ती मले म्हनली होती, मी घरूनच हजर म्हनीन. मंग ती घरीच हाय ना? मले कावून दिसत नाई?"

खोलीत पंखा नव्हता, तरी खुंटीवरची बाही हलल्यासारखी वाटली. मी तिकडे पाहणे टाळले.

देवाजींनी खिशातून चष्मा काढला. हातात ना पेपर, ना कागद. तरी त्यांनी तो नीट नाकावर चढवला आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत, बातमी वाचावी तशा एकसुरी आवाजात बोलू लागले.

"चौदा फेब्रुवारीले क्रमांक पुकारताना केंद्रप्रमुखाचं लक्ष नव्हतं. चारशे सतराले उत्तर आलं नाई. केंद्रप्रमुखानं सवयीनं खूण केली. चूक केंद्रप्रमुखाची हाय. परीक्षेले कोनी आलं नाई. आवाज आला नाई."

रुक्माबाई त्यांच्या चष्म्याकडे पाहत राहिली. तिला तो नियम ठाऊक होता. सेक्टरातल्या सर्वांनाच होता. मग तिने मला विचारले, "मास्तर?"

"आला नाही," मी म्हणालो.

मग तिने झाकलेले ताट उचलले, मोरीजवळ नेऊन रिकामे केले आणि घासायला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती गोंदियाला गेली. चंपतराव कामावर होते, म्हणून तिने किल्ली माझ्याकडे दिली. दाराला कुलूप होते. खिडकी मात्र तिने सताड उघडी ठेवली होती, आणि ती बंद करण्याचे धाडस मला झाले नाही.

कमलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

त्या दिवसानंतर देवाजींचा चष्मा कधी कपाळावर गेला नाही. निवडणुका आल्या, सरकारे पडली, सेक्टरातल्या घराघरांत रंगीत टीव्ही आले, शाळेत पहिला संगणक आला आणि त्याच्या खोलीत मुलांना चपला काढून जावे लागे. यावर देवाजी काय म्हणाले असते, याचा आम्ही मनातल्या मनात अंदाज करत असू. श्यामराव त्यांना डिवचत, "अरे बा, काई त बोल. पेपर त आमाले बी वाचता येते."

"छापलं तेवढंच," देवाजी म्हणत. "माह्या तोंडचं खरं होते, श्यामराव. ऱ्हाऊ द्या."

लोक याला हसत. मी हसू शकत नसे.

परीक्षा त्यांनी दरवर्षी घेतली. मंडळाचे क्रमांक आले की ते स्वतः प्रत्येक क्रमांकासमोर पेन्सिलीने नाव लिहीत, नाव पुकारून मान वर करीत आणि चेहरा पाहून मगच खूण करीत. तिसऱ्या रांगेतला तो बाक आम्ही भिंतीला लावून ठेवला होता. त्यावर वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे असत.

चौऱ्याण्णव साली ते निवृत्त झाले. तुमसरजवळच्या आपल्या गावी परतण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटचे वाचन केले. माणसे गेल्यावर आम्ही दोघांनी सतरंजी गुंडाळली. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मला दिल्या. मग सहा वर्षांनंतर प्रथमच त्यांनी विचारले,

"मास्तर, आवाज तुमी बी आयकला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आपण एकटे नव्हतो हे कळल्याने त्यांना बरे वाटले की अधिक भीती वाटली, हे मला समजले नाही. ते भिंतीजवळच्या बाकाकडे पाहत होते.

"पयल्या खेपेले कोनी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "मी पुढं गेलो असतो त झालं असतं. मी दुसऱ्यांदा कावून पुकारलं?"

आता वाचनालयात पेपर मी वाचतो आणि परीक्षाही मीच घेतो. देवाजींचा चष्म्याचा नियम मी घेतला नाही. माझी मते मी स्वतःपाशी ठेवतो. त्यांच्यापासून एवढेच शिकलो आहे की, कोणाचेही नाव मी एकदाच पुकारतो. उत्तर आले नाही तर गैरहजर लिहून पुढे जातो. उशिरा धावत आलेल्या मुलांना याचा राग येतो. त्यांचे आईबाप माझ्याशी भांडायला येतात, आणि मी त्यांना नियम आहे असे सांगतो.