गळतीवाल्या काकांचा पुदिना

छत झिरपायला लागलं की लोक गळतीवाल्या काकांना हाक मारत. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं. काकांनी हात लावला की पाण्याची वाट बंद. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काम सुटलं. नाव मात्र राहिलं.

मग डॉक्टरांनी काकूंचं मीठ तोडलं आणि काकूंनी जेवणच सोडलं. दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. "गवत खाल्ल्यासारखं लागतं हो." बोटातली अंगठी घसरून पडेपर्यंत त्या वाळल्या. 

"वरून ताजा पुदिना घाला, तोंडाला चव येईल. खिडकीत लावा की, बाबा!" लेक फोनवर म्हणाली.

काकांनी कुंड्या आणल्या, पुदिन्याच्या काड्या खोचल्या. आठवडाभर टवटवीत दिसल्या आणि मग काळ्या पडल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. ऊन कमी म्हणून कुंड्या गॅलरीत गेल्या, जास्त म्हणून परत खिडकीत आल्या. पाणी कमी म्हणावं तर माती ओलीकच्च. जास्त म्हणावं तर खाली थेंब नाही. काका पार चक्रावले.

"त्यांच्याशी बोलत बसलाय दिवसभर," काकू म्हणाल्या, "कंटाळून मरत असतील बिचाऱ्या."

लेक आली. मातीचा वास घेऊन तिनं नाक मुरडलं, कुंडी उचलून खालून पाहिली. तळ सिमेंटनं गुळगुळीत लिंपलेला.

"बाबा, भोकं कुठे गेली?"

"बुजवली. दुकानदारानं सगळ्याच फुटक्या गळ्यात मारल्या होत्या. म्हटलं, कुठे भांडत बसा."

लेक हसत खालीच बसली. "अहो, ती पाणी जायलाच असतात! मुळं कुजली सगळी."

"जायला? मग घालायचं कशाला?"

काका खरंच विचारत होते. लेकीनं परोपरीनं समजावलं. त्यांनी मान डोलावली, छिन्नी आणली. पहिली कुंडी फुटली, लिंपण जागचं हललं नाही. दुसरीतून काळं पाणी ठिबकलं, तसं काकांचं बोट आपसूक भोकावर गेलं.

"बोट काढा!" मायलेकी एकदम ओरडल्या.

नव्या काड्या तगल्या. काकांनी पहिली पानं चिरून काकूंच्या अळणी भाजीवर घातली आणि समोर बसले. काकूंनी एक घास घेतला, मग दुसरा. चावत राहिल्या.

"पण मला सांग," काका कुजबुजले, "पाणी निघून जातं, तरी झाड जगतं कशावर?"

"ते मागाहून," काकूंनी ताट पुढे केलं. "आधी भाजी वाढा."