पाकिटावर नसलेला आकडा

छापखान्यातली माणसं त्यांना भिंगकाका म्हणत. हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचून नवा कारकून हमखास विचारायचा, "हे कोण बुवा?" काम एकच. खाऊच्या पाकिटावर जे बारीक अक्षर असतं ना, तुम्हीआम्ही जन्मात वाचत नाही ते, ते छापायच्या आधी वाचायचं. बत्तीस वर्षं वाचलं. एका हाताला कंपनीने मंजूर केलेला कागद, दुसऱ्या हाताला छापाचा नमुना आणि मध्ये भिंग. अक्षरन् अक्षर जुळलं की कोपऱ्यात 'वाचले' असं लिहून सही ठोकायची. त्या सहीशिवाय मशीन हलत नसे. आतला माल कसा बनतो, कसा लागतो, याच्याशी काकांचा काडीचाही संबंध नव्हता. कागदाला कागद जुळला की झालं.

पण आकडे मात्र तोंडपाठ झाले होते. पाकिटावर कंसात असतात ते. शंभराच्या घरात रंग, दोनशेच्या घरात माल टिकवणारे, तीनशेच्या घरात तेल खवट होऊ न देणारे आणि आंबटपणा सांभाळणारे, चारशेच्या घरात दाटपणा आणणारे, सहाशेच्या घरात चव वाढवणारे. कुठे आकड्याआधी ई लावतात, कुठे नुसताच आकडा छापतात. काका म्हणायचे, "माणूस तोच, टोपी वेगळी." शेजारच्या शिक्षिकाबाई एकदा सरबताची बाटली घेऊन धावतच आल्या. "काका, यात तीनशे तीस आहे हो! पोरांनी अर्धी संपवली!" काकांची हसून हसून पुरेवाट झाली. "अहो बाई, ते लिंबातलं आंबट. लिंबाला घाबरता होय?"

दोनशे वीस ते दोनशे अठ्ठावीस या आकड्यांची मात्र ते कधी थट्टा करत नसत. हे सगळे गंधकाच्या जातीतले. बहुतेकांना त्यांचं काही होत नाही, पण ताईला व्हायचं. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, पासष्टीची, दमेकरी. आईबाप लवकर गेले, तिनेच याला लहानाचा मोठा केला, आणि पुढे दोघंही तशीच राहिली, दोन खोल्यांच्या त्याच घरात. सात वर्षांपूर्वी चार सुके जर्दाळू खाल्ले आणि तिचा श्वास असा अडकला की डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन बजावलं, "हे नऊ आकडे यांच्या पोटात जाता कामा नयेत. पुढच्या वेळी उशीर झाला तर माझ्या हातात काही नसेल."

तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी भिंगाखालून जायचं. ताई वैतागायची. "अरे बारक्या, मी खाऊ कधी? तुझं वाचून होईस्तोवर भूक मरते माझी." हा बारक्या अठ्ठावन्न वर्षांचा होता.

चहाबरोबर तिला पातळ खारट बिस्किटं लागत, आणि तीही एकाच कंपनीची. कारण त्यांचं पाकीट काकांच्याच छापखान्यात व्हायचं. पीठ, तेल, मीठ, आणि फुगवायला पाचशे नि पाचशे तीन. बस्स. तो मजकूर पास करणारी सही काकांची. याहून खात्रीचं काय असणार?

मग एक दिवस ताई म्हणाली, "ही बिस्किटं खाल्ली की छातीत आवळल्यासारखं होतंय रे."

काकांनी पाकीट उचललं, भिंग लावलं, वाचलं. "काही नाही यात."

आठवड्याने ती पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा भिंग. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा काका उखडले. "ताई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी स्वतः वाचलंय हे. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे. त्या जर्दाळूंची धास्ती बसलीय तुला."

त्यानंतर तिने त्या बिस्किटांबद्दल चकार शब्द काढला नाही. काकांना वाटलं, पटलं एकदाचं. आता काय म्हणावं या माणसाला! धाप लागलेली बहीण समोर बसलेली, आणि हा पाकीट वाचतोय.

एका शनिवारी दुपारी शिक्षिकाबाईंचा छापखान्यात फोन आला. ताई खुर्चीत निळी पडली होती. चहा अर्धा, बिस्किट अर्धं. काका इस्पितळात पोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. "दम्याचा पंप जवळ असून एवढा उशीर कसा झाला?" डॉक्टरांनी विचारलं. ताई चार दिवस तिथे होती. घरी आली ती अर्धी होऊन.

काका पाचव्या दिवशी कामावर गेले. टेबलावर त्याच बिस्किटांच्या पाकिटाचा नवा नमुना पडला होता. सवयीने भिंग धरलं. पीठ, तेल, मीठ, पाचशे, पाचशे तीन, पीठ सुधारक (२२३). काकांनी भिंग पुसलं आणि पुन्हा धरलं. मंजूर कागदावरही तेच होतं. कागदाला कागद चोख जुळत होता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. मजकूर पाठवणाऱ्या बाई ओळखीच्या होत्या. "हो काका, ते नवीन पीठ आलंय ना, फार चिवट. लाटलं की आकसतं. म्हणून घालतात ते."

"कधीपासून?"

"झाले की अडीच महिने."

"अहो, मग पाकीट?"

"पाकिटांचे जुने छापील रोल शिल्लक होते ना. ते संपले की नवीन. नेहमीसारखंच."

नेहमीसारखंच! ही रीत काकांना माहीत नव्हती थोडीच. पत्ता बदलला, वजन बदललं, की आधी जुने रोल संपवायचे, हे त्यांनी शंभरदा पाहिलेलं. पाकीट जुनं आणि माल नवा असू शकतो, हे बत्तीस वर्षांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर कागद वाचला होता.

ते मालकांकडे गेले. "कंपनीला जुने रोल थांबवायला सांगा साहेब. निदान चिठ्ठी तरी चिकटवायला सांगा."

मालकांनी हात वर केले. "काका, आपण छापणारे. दिलं तसं छापलं, तुम्हीच सही केलीत. कंपनीला शहाणपण शिकवायला गेलो तर उद्या ते दुसरा छापखाना बघतील."

कंपनीचे साहेब फोनवर गोड बोलले. पाकिटं मशीनवर धावतात, चिठ्ठ्या कोण चिकटवत बसणार? महिन्याभरात रोल संपतीलच. अन्नाच्या सरकारी कचेरीतल्या कारकुनाने पाकीट घेतलं, फाईल काढली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. "सगळं बरोबर आहे की. यात चूक कुठेय?"

"चूक आत आहे हो, बिस्किटात!"

"मग नमुना तपासायला द्या. नंबर लागेल. दोनेक महिने धरा."

आता बोला! बाहेर येऊन काका पायरीवर बसले. समोरच्या दुकानात तीच पाकिटं ओळीने मांडलेली. एक म्हातारा दोन घेऊन गेला. त्याला हाक मारून सांगायचं तरी काय? पाकिटावर तर तो आकडाच नाही. काकांना रडू फुटलं.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. ती चिडेल, चार शिव्या घालेल, असं त्यांना वाटलं होतं. नव्हे, तेच हवं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मला होत होतं ते खरंच होतं तर."

"त्या दिवशी तू पंप का नाही घेतलास, ताई?"

"घेणार होते. हातातच होता. पण तू मनाचे खेळ म्हणाला होतास ना. म्हटलं, मनाचे किती लाड करायचे? जरा दटावून बघू."

काका तिच्या पायाशी बसले. "चुकलं माझं. यापुढे तू म्हणशील तेच खरं."

घरात त्यानंतर एकही पाकीट आलं नाही. ताई स्वतःच्या हातचं साधं जेवायची. तब्येत सावरत होती. पण एकदा संध्याकाळी काका आत आले तर ती खिडकीशी वाकून बसलेली, एका हातात पंप, दुसरा हात छातीवर. खांदे वरखाली होत होते.

"अगं, घे ना! वाट कसली बघतेस?"

तिने मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता, एवढासाही. शाळेतल्या पोरीने गुरुजींकडे पाहावं तसं ती त्यांच्याकडे पाहत होती.

"बारक्या," ती धापा टाकत म्हणाली, "मला कळत नाही रे आता. खरंच लागलीय का धाप? तू बघ आणि सांग."