बाबांनी निवडलेला लेव्हल एडिटर

परवा हिंगणघाटला माहेरी गेले होते. संध्याकाळी सुमनकाकूंकडे निघाले, त्यांच्या फाटकाची कडी काढली आणि आपोआप हसू आलं... या घराचा नकाशा एका बंदूकवाल्या गेममध्ये पास झालाय. खोटं वाटेल, पण खरं आहे.

गोष्ट दोन हजार एक-दोनची असेल. मी बीएस्सीला, रोज एसटीनं वर्धेला जायचे. घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता आणि त्यावर एक जुनी गेम... हातात बंदूक, समोर बोळ, बोळाच्या टोकाला राक्षस. खेळून खेळून सगळे बोळ पाठ झाले, तेव्हा वाटलं, आता आपणच एक लेव्हल बनवावी.

कॉलेजच्या मैत्रिणीनं सीडी दिली. त्यात लेव्हल बनवायची दोन सॉफ्टवेअर होती, म्हणजे दोन लेव्हल एडिटर. पहिला एकदम देखणा, थ्रीडी, रंगीत... पण एक क्लिक केलं की कॉम्प्युटर असा अडकायचा की तोवर चहा पिऊन यावं. दुसरा म्हणजे काळा पडदा, त्यावर ठिपके आणि पांढऱ्या रेघा. बस्स. माझा जीव अर्थातच पहिल्यावर.

तेवढ्यात बाबा आले. बाबा घरं बांधायचे, ठेकेदार. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची लेव्हल काढण्यात त्यांची उभी हयात गेलेली.

"काय करून राह्यली वं?"

"लेव्हलचं सॉफ्टवेअर निवडतेय."

बाबांनी खुर्ची ओढली. चष्मा लावला. "म्हंजे आता नळी बंद का?"

मी हसून हसून बेजार. लेव्हल म्हणजे गेमचा एक टप्पा, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांची नजर त्या काळ्या पडद्यावर खिळली होती. "हेच घे. हा तर नकाशा आहे," म्हणाले. मग थोडं थांबून, "याच्यात गुरुजींचं घर चढते का?"

गुरुजी म्हणजे सुमनकाकूंचे मिस्टर, शाळेत शिक्षक. बाबा त्यांचं घर बांधणार होते, पण काम अडलं होतं ते काकूंच्या 'ठीक आहे'वर. नकाशा कितीही वेळा दाखवा, काकू खाली मान घालून "ठीक आहे" म्हणायच्या. बाबांची रीत अशी की पायाची पहिली कुदळ घरच्या बाईनं मारायची, आणि तीही मनापासून हो म्हणून. "हे ठीक आहे म्हंजे हो नाई," असं म्हणून त्यांनी पाया धरला होता रोखून.

मग काय... बसलो बापलेक. बाबा फूट सांगायचे, मी रेघा ओढायचे. त्या गेममध्ये खोलीवर खोली चढत नाही, पण गुरुजींचं घर एकमजलीच होतं, तेवढं नशीब. भिंती मात्र गेममधल्याच मिळाल्या. देवघरसुद्धा किल्ल्यासारखं दगडी!

रविवारी गुरुजी आणि काकू आले. काकूंना खुर्चीवर बसवलं, बाणाची बटणं दाखवली. काकू फाटकातून आत शिरल्या... हातात बंदूक. ती काही मला काढता आली नव्हती. बैठक झाली, देवघर झालं, दर वेळी तेच, "ठीक आहे." बाबांचा चेहरा पडत चाललेला.

मग काकूंनी न्हाणीघराचं दार उघडलं आणि आतून राक्षस बाहेर! दार नीट उघडतं का ते बघायला मीच ठेवला होता, काढायचा राहून गेला.

"हा कोण वं माय?" काकू किंचाळल्या. कधी आवाज न चढवणारे गुरुजी मागून ओरडले, "मार, मार त्याले!" काकूंनी हाताला येईल ते बटण दाबलं... आणि राक्षस आडवा.

काकू पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि त्या हसण्यात काहीतरी सुटलं बहुतेक. कोणी न सांगता त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या, गोल फिरून चारी भिंती पाहिल्या.

"इथून फाटक काऊन नाई दिसत?"

"स्वयंपाकघर मागंच असते ना, वहिनी," बाबा म्हणाले.

"हो ना. लग्न होऊन आली तवापासून मागंच आहे मी. घरी कोण आलं ते मले दिसत नाई भाऊ. किती कप चहा, तेवढंच समजते."

गुरुजी उगाच कीबोर्डकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि कागदावरच्या रेघांत त्यांना ते दाखवता आलं नसतं.

"पोरी," बाबा म्हणाले, "समोरची कोठी मागं ने. स्वयंपाकघर समोर घे."

त्या देखण्या एडिटरमध्ये एवढ्यासाठी दिवस गेला असता. यात गुरुजींचा चहा संपायच्या आत झालं. समोरच्या भिंतीत एक चौकोन घेतला, त्याची जमीन वर उचलली, छत खाली आणलं... झाली खिडकी. काकू पुन्हा फाटकातून चालत आल्या, नव्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," म्हणाल्या. नुसतं हो. बाबांनी चष्मा काढून पुसला. कुदळ काकूंनीच मारली, जोरात.

माझी ती लेव्हल पुढं कधीच पूर्ण झाली नाही. बाबा मात्र अजून सांगत असतात, आमच्या पोरीनं लेव्हलचं सॉफ्टवेअर आणलं होतं म्हणून. मीही आता त्यांना दुरुस्त करत नाही.

तर परवा... फाटकाची कडी काढली, अजून पायरीही चढले नव्हते, तोच खिडकीतून हाक आली, "ये वं पोरी, तुह्या वाटचं पाणी टाकलं चहात!"

बाबा, एडिटर तुम्हीच बरोबर निवडलात.