पत्र्याखालचे तीन जोड

बहिणीचं पळणं मी कधी नीट पाहिलंच नाही, मी घड्याळ पाहत होतो. तेव्हा मात्र मला वाटायचं, मी तिच्यासाठी केवढं करतोय.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पोलीस भरतीची तयारी करत होती. एकेकाळी मीही केली होती. छाती एका सेंटीमीटरनं कमी भरली आणि मी घरी आलो. मग कळंबला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो, तो अजून तिथंच उभा आहे. तिच्या दोन भरत्या हुकल्या होत्या. एकदा लेखीत गेली, दुसऱ्यांदा आठशे मीटरला टाच दुखायला लागली आणि मागे पडली. वयाची अट बघता तिसरी भरती म्हणजे शेवटची. घरात कुणी हे मोठ्यानं म्हणत नसे, पण जेवताना, कांदा निवडताना सगळ्यांच्या डोक्यात तेच असायचं.

त्या टाचेवर औषध सापडलं ते बुटात. मंचरला जाऊन तिनं स्वतःच एक जोड आणला होता. राखाडी रंग, बाजूला निळी पट्टी, पाच नंबर. दिसायला अगदी साधा. पण महिनाभरात तिची टाच दुखायची थांबली. आमच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना आहेत, त्यांच्या कुंपणाकडेनं एक सरळ रस्ता जातो, तिथं आम्ही टेपनं आठशे मीटर मोजून दोन टोकांना चुन्याच्या खुणा केल्या होत्या. पहाटे ती पळायची आणि मी मागून मोटारसायकलवर, दिवा लावून. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि त्या हंगामात बिबट्यानं आमच्या आळीतली दोन कुत्री नेली होती. एका पहाटे मी मोबाईलवर वेळ बघितली तर पूर्ण गुण मिळायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही तीन सेकंद आत ती पोचली होती. मी पुन्हा बघितलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती आणि मला वाटलं, आता ही भरतीत लागलीच.

त्याच आठवड्यात दुकान सुटल्यावर मी मंचरला गेलो. बुटांच्या दुकानदाराला तिच्या बुटाचा फोटो दाखवला.

"हे मॉडेल बंद झालंय, राव," तो म्हणाला. "कंपनीनं नवीन काढलंय, पण त्याचा सोल जाड हाय. सवय असंल तर जमणार न्हाई. पाच नंबरात आता तीनच जोड हायेत माझ्याकडं."

मी तिन्ही उचलले. दुकानदार हसून म्हणाला, "पावणं, तीन माणसं पळत्यात का घरात?" मी म्हणालो, "एकच पळती, पण तिला थांबायचं न्हाई."

इथपर्यंत सगळं बरोबर केलं मी. चुकलो ते पुढे.

आमच्याकडे नवी वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पाहुण्यांसाठी घेतलेली स्टीलची ताटं-वाट्या वर्षातून एकदा धुवून परत गाठोड्यात जातात. माझ्या मोटारसायकलच्या सीटवर वरून कव्हर आहे, आणि त्या कव्हरवर कापड. नव्याला जपलं की प्रसंगाला ते उपयोगी पडतं, असं आम्ही सगळेच मानतो आणि त्यात कुणाला वावगं दिसत नाही. तेव्हा मी तिन्ही खोकी चिकटपट्टीनं बंद केली, आत डांबरगोळ्या टाकल्या आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर, थेट पत्र्याखाली, मागे सरकवून ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे ग्राउंडच्या दिवशी निघतील. तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

आणि भरती पुढे गेली. आधी जाहिरात लांबली, मग तारीख, मग आणखी काहीतरी. दोन उन्हाळे गेले. आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात माळ्यावर चढलं तर श्वास कोंडतो, आई दुपारी तिथून कडधान्याचा डबा काढायलाही जात नाही. मी खोक्यांचा विचार केला तो एवढाच, की उंदीर लागायला नको.

बहीण पळत राहिली, त्याच एका जोडावर. त्याची टाच एका बाजूनं झिजली, पुढून अंगठ्याची जाळी फाटली. एकदा तिनं विचारलं, "दादा, एक जोड काढू का? भरतीच्या क्लासचे सर म्हणत्यात, नवा बूट आधी पंधरा दिस वापरून घ्यायचा असतो."

"तेच मॉडेल, तोच नंबर. त्यात सवय काय करायची?" मी म्हणालो. "हात लावलास तर तंगडं मोडून ठेवीन."

हे मी गमतीत म्हणालो असं मला सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं. माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दूध नासलं म्हणून मी पातेलं मोरीत आपटलेलं आहे. आणि त्याहून वाईट एक गोष्ट आहे. त्या हिवाळ्यात एका पहाटे तिची वेळ दहा सेकंदांनी घसरली. मी म्हणालो, "एवढं डिझेल जाळून, झोप मोडून मी हे बघायला येतो का?" खरं तर मोटारसायकल पेट्रोलवर चालते, पण रागात माणूस काहीही बोलतो. मी गाडी वळवली आणि तिला तिथंच सोडून घरी आलो. अजून उजाडलं नव्हतं. दोन्हीकडे ऊस. ती अर्ध्या तासानं चालत आली, हातपाय धुतले आणि भाकरी थापायला बसली. आईनं विचारलं, उशीर का झाला. ती म्हणाली, आज जरा जास्त पळाले.

अखेर तारीख आली. आदल्या दिवशी मी माळ्यावरून खोकी काढली, फडक्यानं पुसली, उघडली मात्र नाहीत. मैदानापाशीच उघडायची हा माझा हट्ट. पुण्यात मावशीकडे उतरलो. सकाळी मैदानाच्या गेटवर मी एक खोकं तिच्या कापडी पिशवीत ठेवलं, उरलेली दोन राखीव म्हणून माझ्याकडे ठेवली. तिनं माझ्या पायाला हात लावला. तिचा हात गार होता. मी म्हणालो, "पहिल्या वळणाला दम सोडू नको." ती मान हलवून आत गेली. मोबाईल आत न्यायचा नव्हता, म्हणून तिचा मोबाईल माझ्याच खिशात राहिला.

बाहेर भिंतीकडेला आमच्यासारखे पुष्कळ जण बसले होते. बापमाणसं, भाऊ, एकदोन नवरे. माझ्या शेजारी आंबेगावकडचाच एक बाप होता. त्याची मोठी मुलगी आत होती आणि धाकटी पुढच्या वर्षी उतरणार होती. खोकी बघून तो म्हणाला, "भाऊ, कंचा बूट घेतलाय? दाखवा की जरा. धाकटीला बघाया व्हईल."

मला मोठेपणा वाटला. मी एका खोक्याची चिकटपट्टी कापली. डांबरगोळ्यांचा वास आला. बूट कोरा होता, निळी पट्टी चकचकीत. दुकानात गिऱ्हाइकाला रबरी पट्टा वाकवून दाखवतात तसा मी बूट त्याच्यासमोर दोन्ही हातांनी वाकवला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सोल पुढून टाचेपर्यंत सुटून माझ्या हातात आला. वरच्या भागावर गोंदाची पिवळी भुकटी होती, ती माझ्या पँटवर पडली.

"आरं तिच्या," तो बाप म्हणाला.

मी दुसरा पाय बाहेर काढला. तो वाकवायचीही गरज पडली नाही.

दुकानात रोज रबराच्या वस्तू विकणारा माणूस मी. उन्हाळ्यात पट्टे आणि सील पत्र्याखाली ठेवू नका म्हणून गिऱ्हाइकांना सांगतो मी. गोंद उष्णतेनं मरतो हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. आणि आत तिच्या पायात त्याच लॉटचा, त्याच माळ्यावरचा जोड होता. पळताना पहिल्या वळणावर सोल सुटला तर ती तोंडावर पडणार, मागून येणाऱ्या पोरी अंगावरून जाणार.

मी गेटकडे धावलो. "साहेब, आत एक निरोप द्यायचाय. माझ्या बहिणीचा बूट खराब हाय."

"आत कुणाला सोडता येत न्हाई," गेटवरचा शिपाई म्हणाला.

"मला सोडू नका. फक्त सांगा तिला, बूट काढ म्हणावं. अनवाणी पळ म्हणावं."

"भाऊ, आत शेकड्यानं पोरी हायेत. तुमी बाजूला व्हा बरं."

मी त्याच्यावर ओरडलो. जन्मभर ज्या आवाजानं घर गप्प केलं तोच आवाज काढला, आणि त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. त्यानं मला हातानं बाजूला सारलं आणि पुढच्याचं ओळखपत्र बघायला लागला. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली, मग खूप पायांचा आवाज, मग कुणीतरी मोठ्यानं नंबर पुकारत असल्याचा. कोणता घोळका पळतोय, तिचा की दुसरा, काही कळायला मार्ग नव्हता.

मी परत जागेवर आलो तेव्हा त्या बापानं दुसरं खोकं माझ्याकडे सरकवलं. "हे बगा. यातला धड असंल तर कुणाच्या तरी हाती आत धाडू."

मी ते उघडायला घेतलं आणि थांबलो. चिकटपट्टी दुहेरी होती. मी एकदाच लावली होती.

आतले बूट वापरलेले होते. सोलच्या खाचांत आमच्या रस्त्याची काळी माती वाळून बसली होती. उजव्या पायाचा सोल पुढून सुटलेला होता आणि कुणीतरी तो परत चिकटवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. नाकाशी धरला तर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. तेही नीट धरलेलं नव्हतं. बूट पुसून, डांबरगोळ्या जागच्या जागी ठेवून, खोकं जसंच्या तसं बंद केलं होतं.

मी तसाच बसून राहिलो. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मला कळेना. मग तिच्या पायात आत्ता आहे तरी काय?

ती दोन तासांनी बाहेर आली. जरा लंगडत होती. पायात तोच जुना जोड होता, अंगठ्याला फाटलेला, एका बाजूला कललेला. पिशवीच्या तळाशी घालून आणला होता तिनं. मी दिलेलं खोकं तिच्या काखेत होतं, चिकटपट्टीसकट.

"किती?" मी विचारलं. आधी हेच विचारलं मी.

"चार सेकंद जास्त लागले. दोन मार्क गेले," ती म्हणाली. "टाच दुखाया लागली दुसऱ्या राउंडला."

मग तिचं लक्ष माझ्यापुढच्या उघड्या खोक्यांकडे गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तसा तिचा चेहरा, ती त्या पहाटे अंधारातून चालत आली तेव्हाही मी बघितला नव्हता, कारण तेव्हा मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"महिना झाला," ती भरभर सांगायला लागली. "तू कामावर गेल्यावर एक जोड काढला. पहिल्याच दिवशी सुटला. पंक्चरवाल्याकडनं सोल्यूशन आणून लावलं, पण टिकंना. मग बाकीचे दोन, पट्टी अलगद सोडवून, दाबून बघितले, तेबी तसेच. माझंच चुकलं, दादा. मी इचारल्याबिगर उघडलं."

"मग सांगितलं का न्हाईस? महिना होता हातात. दुसरे घेतले असते."

शेजारचा बाप उठून लांब जाऊन उभा राहिला.

"तुला सांगण्यापरीस फाटक्या बुटावर पळणं सोपं व्हतं," ती म्हणाली.

लेखी तिला चांगली गेली. यादी लागली त्या दिवशी आम्ही सगळे मोबाईलभोवती बसलो होतो. ती एका गुणानं मागे राहिली.

आई रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "नशीब, दुसरं काय. भावानं तर एकाला तीन जोड आणून ठिवलं व्हतं. आणखी कुनी काय करायचं?" बहीण वाटाणे सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "व्हय ना. दादानं लई केलं."

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. आईला खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी वाट बघत राहिलो की बहीण बोलेल, आणि ती बोलणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चप्पल घालून बाहेर पडलो. आज ती नारायणगावला एका मेडिकलच्या दुकानात काम करते, मी घरी आलो की टीव्हीचा आवाज आपण होऊन कमी करते, आणि घरात अजूनही सगळे म्हणतात की तिचं नशीब आड आलं.